केंद्रकीला भिंत नसते, मग ती विरघळून का जात नाही?

मागच्या अंकात पेशीच्या केंद्रकावर लिहिलं तेव्हा केंद्रकीला मी जेमतेम दीड ओळ दिली होती, केंद्रकात एक गडद ठिपका दिसतो आणि तिथे रायबोसोम (पेशीतली प्रोटीन बनवणारी यंत्रं) तयार होतात, बस. यावेळी आलेल्या प्रश्नांतले निम्मे त्या ठिपक्याचेच निघाले, म्हणजे मी काटकसर कुठे केली ते वाचकांना बरोबर कळतं. तर हा महिना तिचा. (केंद्रक म्हणजे न्यूक्लियस, केंद्रकी म्हणजे न्यूक्लिओलस, फरक एका वेलांटीचा, आणि त्या वेलांटीपायी ज्युनियर कॉलेजात असताना मी वर्षानुवर्षं मार्क कापलेत, मनाविरुद्ध.)

प्रश्न : मी नीटची तयारी करतेय. "केंद्रकीभोवती पटल नसते" हे वाक्य पाठ आहे, एमसीक्यूपण बरोबर येतो. पण पटलच नाही तर ती केंद्रकातल्या रसात मिसळून का जात नाही? सरांना विचारलं तर म्हणाले एवढं खोलात जाऊ नकोस, हे विचारत नाहीत.
— बारावीची विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : खोलात जा गं, खुशाल जा. हा प्रश्न पडलाच नाही तर ते वाक्य पाठ करून काय उपयोग. यात थोडा दोष आपल्या आकृत्यांचाही आहे बरं का, केंद्रकी काढताना सगळेजण पेन्सिलीने गच्च काळी बॉर्डर मारतात आणि शेजारी लिहितात पटल नसते. मग पोरांना दिसते भिंत आणि पाठ करायचं असतं की भिंत नाही.

आता मिसळ आठव. वर तर्रीत तेलाचे गोल गोल थेंब असतात, त्यांना काही पिशवी नसते, तरी रश्श्यात मिसळून जात नाहीत, आणि चमच्याने दोन थेंब जवळ आणले की टचकन एक होतात आणि परत गोलच. केंद्रकी बऱ्याच अंशी असाच थेंब आहे, फक्त तेलाचा नाही, प्रोटीन आणि आरएनएचा. या प्रोटीनना एकमेकांना आणि आरएनएला धरायला पुष्कळ जागा असतात, एकेक पकड तशी सैलच, पण पकडी इतक्या असतात की सगळा जमाव भोवतालच्या केंद्रकद्रव्यापासून वेगळा पडतो. २०११ मध्ये क्लिफर्ड ब्रँगविन, टिमोथी मिचिसन आणि अँथनी हायमन यांनी झेनोपस नावाच्या आफ्रिकन बेडकाच्या अंडपेशीत हे बघितलं. तिथे एकदोन नाही, हजाराच्या वर केंद्रक्या असतात (एवढ्या मोठ्या अंड्याला रायबोसोमचा साठा करून ठेवायचा असतो ना), त्यामुळे बघायला सोप्या. तर दोन केंद्रक्या टेकल्या की हळूहळू, अगदी घट्ट मधासारख्या, एकमेकींत शिरायच्या आणि एक मोठा गोल व्हायचा. भिंत असती तर हे झालंच नसतं.

शिवाय थेंबातही थेंब आहेत. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली केंद्रकीचे तीन भाग दिसतात, सगळ्यात आत फिकट फायब्रिलर सेंटर, त्याला वेढून दाट तंतुमय भाग आणि बाहेर दाणेदार भाग. तिन्ही शेजारी राहूनही मिसळत नाहीत कारण तिघांची प्रोटीनं वेगळी आणि पृष्ठताण वेगळा, म्हणून एक दुसऱ्याच्या पोटात बसतो.

पण तर्रीचा थेंब कुठेही तरंगतो, केंद्रकी मात्र ठराविक ठिकाणीच जमते, म्हणून इथे मला मिसळ सोडून आठवडी बाजारात जावं लागतंय. बाजाराला कंपाउंड नसतं, कुणी वीट लावलेली नसते, तरी मंगळवारी सकाळी नऊला तुला बोट दाखवून सांगता येतं की हा बाजार आणि हा रस्ता. विक्री चालू असते म्हणून तो बाजार. केंद्रकीतली ही विक्री म्हणजे रायबोसोमच्या आरएनएचं उत्पादन. आपल्या गुणसूत्रांपैकी १३, १४, १५, २१ आणि २२ या पाच नंबरांच्या आखूड बाहूंवर या आरएनएचे जीन असतात, एकासारखा एक, ओळीने, सगळ्या मिळून काहीशे प्रती. बाकीच्या बहुतेक जीनच्या दोनच प्रती असतात, यावरून मागणी किती ते बघ. आरएनए पॉलिमरेज १ नावाचं एन्झाइम या जीनवरून सुमारे १३,००० अक्षरांचा एक लांबलचक आरएनए उतरवतं, मग तो कापून त्यातून १८एस, ५.८एस आणि २८एस असे तीन तुकडे काढतात आणि जवळजवळ निम्मा माल कचऱ्यात जातो. चौथा तुकडा, ५एस, तो दुसरीकडे म्हणजे १ नंबरच्या गुणसूत्रावर बनून इथे येतो (हे मात्र विचारतात हो, लिहून ठेव). रायबोसोमची सुमारे ८० प्रोटीनं तर केंद्रकाच्याही बाहेरून येतात, बाहेरचे जुने रायबोसोम ती बनवतात, ती केंद्रकाच्या छिद्रांतून आत येतात, केंद्रकीत आरएनएवर बसतात, आणि मग तयार झालेला लहान भाग आणि मोठा भाग वेगवेगळे परत छिद्रांतून बाहेर. दोघं एकत्र येतात ते थेट बाहेर, काम करायच्या वेळी. साधी यीस्टची पेशी वाढत असताना मिनिटाला सुमारे २,००० रायबोसोम बनवते.

हे उत्पादन चालू असतानाचा फोटोसुद्धा आहे. १९६९ मध्ये ऑस्कर मिलर आणि बार्बरा बीटी यांनी न्यूट नावाच्या उभयचराच्या अंडपेशीतल्या केंद्रक्या उकलून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरल्या, तर मधे डीएनएचा दांडा आणि दोन्हीकडे आरएनएचे धागे, सुरुवातीला आखूड आणि पुढे पुढे लांब, तुझ्या पुस्तकात ख्रिसमस ट्री म्हणून जो फोटो असेल तो हाच. मला तो कायम नेच्याच्या पानासारखा वाटत आलाय.

आणि विक्री बंद पाडली तर? ॲक्टिनोमायसिन डी हे औषध अगदी थोड्या प्रमाणात दिलं की पॉलिमरेज १ अडतं, आणि केंद्रकी आकसते, तिचे थर सुटे होऊन कडेला टोपीसारखे चिकटतात. पेशी विभाजनाला निघाली की तर पेशी स्वतःच हे काम थांबवते, केंद्रकी मोडते, आणि विभाजन संपता संपता त्याच पाच गुणसूत्रांवर परत जमायला लागते. त्या जागेला ऑर्गनायझर म्हणतात, आणि तुझ्या पुस्तकात गुणसूत्राचा "दुय्यम संकोच" (म्हणजे अरुंद झालेली जागा) आणि त्यापुढचं सॅटेलाइट म्हणून जो वेगळा धडा आहे ना, तो संकोच म्हणजे हीच जागा. दोन धडे, दोन प्रश्न, गोष्ट एकच. सरांना सांग.

प्रश्न : आमच्या शाळेत आठवीच्या मुलांना कांद्याची साल आयोडीन टाकून दाखवली. काही केंद्रकांत एक ठिपका दिसला, काहींत दोन, एकात मुलांनी तीन मोजले. बरोबर किती?
— विज्ञान शिक्षक, चिपळूण तालुका

उत्तर : सगळेच बरोबर, आणि मोजणाऱ्या पोरांना माझ्याकडून शाबासकी, आमच्याकडे बारावीतली मुलंसुद्धा फोकस न करता आकृती पुस्तकातून उतरवायची. विभाजनानंतर प्रत्येक चालू ऑर्गनायझरवर एकेक छोटी केंद्रकी जमते आणि वर सांगितलं तशा त्या भेटल्या की एक होतात, तेव्हा कुठल्या पेशीत अजून दोन असतील, कुठे एक झाली असेल. माणसात असे ऑर्गनायझर दहा (पाच जोड्या), पण दहा केंद्रक्या सहसा दिसत नाहीत, काही बंद असतात आणि बाकीच्या एकत्र आलेल्या. गुणसूत्रावर ठराविक जागा असते हे बार्बरा मॅक्लिंटॉकने १९३४ मध्ये मक्यात दाखवलं, ६ नंबरच्या गुणसूत्रावर. एका झाडात ती जागाच मधे तुटून दोन वेगळ्या गुणसूत्रांवर गेली होती, तर दोन्ही तुकड्यांवर केंद्रकी उगवली.

प्रश्न : वडिलांच्या किडनीच्या गाठीचा रिपोर्ट आला. त्यात "प्रॉमिनंट न्यूक्लिओलाय" असं लिहिलंय, ग्रेड ३ पण लिहिलंय. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे, तोवर झोप नाही. याचा अर्थ काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी हे, की मी डॉक्टर नाही आणि रिपोर्ट पूर्ण बघितल्याशिवाय कुणीच काही सांगू नये, मीही नाही. शब्दांचा अर्थ मात्र सांगते, कधी कधी अर्थ कळला तरी रात्र जरा बरी जाते.

प्रॉमिनंट न्यूक्लिओलाय म्हणजे केंद्रक्या ठळक, मोठ्या दिसतायत. पेशीला भराभर वाढायचं असेल तर प्रोटीन भरपूर लागतं, त्यासाठी रायबोसोम भरपूर, त्यासाठी केंद्रकी मोठी. कॅन्सरच्या पेशींत हे दिसतं हे ज्युसेप्पे पियानेसे या इटालियन डॉक्टरने १८९६ मध्येच नोंदवलंय. पण फक्त कॅन्सरमध्येच दिसतं असं नाही, जखम भरताना, लिव्हर परत वाढत असताना अगदी निरोगी पेशींच्याही केंद्रक्या फुगतात, आणि आपल्या मेंदूतल्या मोठ्या न्यूरॉनमध्ये तर जन्मभर ठळक केंद्रकी असते. म्हणून नुसत्या या दोन शब्दांवरून काहीच ठरत नाही, पॅथॉलॉजिस्ट बाकी दहा गोष्टी बघून निदान लिहितो.

किडनीच्या कॅन्सरच्या नेहमीच्या प्रकारांत मात्र केंद्रकीला खास मान आहे, ग्रेडच तिच्यावरून ठरते. मायक्रोस्कोप ४०० पट करूनही केंद्रकी दिसत नाही किंवा जेमतेम दिसते ती ग्रेड १, ४०० पटीला स्पष्ट दिसते पण १०० पटीला ठळक नाही ती ग्रेड २, आणि १०० पटीलाच डोळ्यात भरते ती ग्रेड ३. ग्रेड ४ मध्ये पेशींचा एकूण आकारच बिघडलेला असतो. म्हणजे तुमच्या रिपोर्टमधल्या त्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, दुसरी पहिलीवरून आलीय. आणि ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे, हा घोळ खूप लोक करतात आणि उगीच जास्त घाबरतात. ग्रेड म्हणजे पेशी दिसायला कशा आहेत, स्टेज म्हणजे गाठ केवढी आणि कुठवर पोचलीय. डॉक्टरांना भेटाल तेव्हा पहिला प्रश्न स्टेजचा विचारा, आणि वहीत लिहून न्या, तिथे गेल्यावर काही आठवत नाही, अनुभवाचं सांगते.

प्रश्न : केंद्रकी काढून टाकली तर पेशी मरते का?
— अकरावी सायन्स, अहिल्यानगर

उत्तर : लगेच मरत नाही, आणि यातच एक झकास गोष्ट आहे. १९५८ मध्ये ऑक्सफर्डच्या एका लॅबमध्ये झेनोपसची अशी एक बेडकी सापडली की तिच्या पेशींत दोनऐवजी एकच केंद्रकी. ती ठणठणीत होती. पण अशा एककेंद्रकीवाल्या नरमाद्यांचा संकर केला की मेंडेलच्या हिशोबाने चौथा हिस्सा पिल्लं बिनकेंद्रकीची निघायची. ती अंड्यातून बाहेर यायची, शेपूट हलवायची, काही दिवस जगायची आणि मग मरायची. का मरतात, आणि मुळात एवढे दिवस जगतात तरी कशी? १९६४ मध्ये डोनाल्ड ब्राउन आणि जॉन गर्डन यांनी तपासलं तर ही पिल्लं स्वतः रायबोसोमचा आरएनए बनवतच नव्हती, एक कणही नाही. जे काही चाललं होतं ते आईने अंड्यात भरून दिलेल्या रायबोसोमवर, म्हणजे माहेरून बांधून दिलेल्या शिदोरीवर, ती संपली की खेळ खलास. केंद्रकीचं काम काय याचा इतका स्वच्छ पुरावा त्याआधी नव्हता.

(गर्डनला २०१२ मध्ये नोबेल मिळालं, वरच्या मॅक्लिंटॉकबाईंना १९८३ मध्ये, आणि दोघांनाही दुसऱ्याच कामासाठी. केंद्रकीचं नशीब म्हणायचं, दुसरं काय.)

तुझ्या स्वतःच्या अंगातही शिदोरीवाल्या पेशी आहेत. लाल रक्तपेशी तयार होताना केंद्रक टाकून देते, केंद्रकीही गेली, उरलेल्या रायबोसोमवर ती एकदोन दिवस हिमोग्लोबिन बनवते, मग तेही जातात आणि पुढचे साधारण १२० दिवस एकही नवं प्रोटीन न बनवता फिरते.

प्रश्न : दोनदा गर्भपात झाल्यावर आमची दोघांची गुणसूत्रांची तपासणी केली. माझ्या बायकोच्या रिपोर्टमध्ये ४५ गुणसूत्रं आणि "१४;२१ रॉबर्टसोनियन ट्रान्सलोकेशन" लिहिलंय. एक गुणसूत्र कमी असून ती पूर्ण निरोगी आहे हे कसं? घरात आता नको ते बोलणं सुरू झालंय.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही केंद्रकीबद्दल विचारलं नाहीत, तरी तुमचा प्रश्न मी मुद्दाम याच अंकात घेतला, कारण याचं उत्तर केंद्रकीतूनच जातं.

तुमच्या पत्नीचं एक गुणसूत्र हरवलेलं नाही. १४ नंबरचं एक आणि २१ नंबरचं एक अशी दोन गुणसूत्रं लांब बाहूंसकट एकमेकांना जोडली गेलीत, म्हणून मोजताना ४५ भरतात. गेले ते फक्त दोघांचे आखूड बाहू. आणि त्या आखूड बाहूंवर काय असतं ते वर लातूरच्या मुलीला सांगितलंय, रायबोसोमच्या आरएनएचे जीन, ज्यांच्या तशाच प्रती उरलेल्या आठ आखूड बाहूंवर आहेतच. बाजारात दहा दुकानं एकाच मालाची, दोन बंद झाली तरी गावाला टंचाई होत नाही. म्हणून त्या निरोगी आहेत, आणि अशी माणसं हजारात एखादं असतात, बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही.

नाव रॉबर्टसन या शास्त्रज्ञावरून पडलंय, त्याने १९१६ मध्ये नाकतोड्यांत असं जोडलेलं गुणसूत्र बघितलं. माणसात असं जोडकाम जवळपास नेहमी १३, १४, १५, २१ आणि २२ याच पाचांत होतं, आणि हा योगायोग नाही. हे पाच आखूड बाहू केंद्रकीत रोज एकमेकांना खेटून असतात, शिवाय त्यांच्यावरचा मजकूर एकासारखा एक, त्यामुळे कधी तुटलं की दुरुस्ती करताना याचं टोक त्याला लागायची शक्यता जास्त. २००३ मध्ये मानवी जीनोम पूर्ण झाला असं आपण पेपरात वाचलं ना, त्यात हे आखूड बाहू नव्हतेच, एकासारखा एक मजकूर असल्यामुळे तेव्हाच्या मशीनना ते वाचता येत नव्हते. ते पूर्ण वाचून झाले २०२२ मध्ये.

अडचण येते ती बीजपेशी बनताना. जोड गुणसूत्र वाटून देताना गडबड होऊन गर्भात १४ किंवा २१ चा माल कमी-जास्त होऊ शकतो, बहुतेक वेळा असा गर्भ टिकत नाही, आणि २१ चा जास्तीचा भाग आला तर डाऊन सिंड्रोम होतो (डाऊन सिंड्रोमच्या एकूण केसेसपैकी ३ ते ४ टक्के अशा जोडणीमुळे असतात). पण वाटणी नीट होऊन अगदी निरोगी मूलही होतं, हे लक्षात ठेवा, आणि ते क्वचित नाही. तुमच्यासाठी नेमकी जोखीम किती आणि गरोदरपणात कुठली तपासणी कधी करायची हे जेनेटिक काउन्सेलरकडूनच समजून घ्या, नुसत्या गायनॅककडे रिपोर्ट ठेवून थांबू नका. कुणीतरी असं सांगितल्यावर भेटायला गेलेली जोडपी मी बघितलीत, परत येताना चेहरे वेगळे असतात.

घरच्यांसाठी एवढंच, की हे जोडकाम कुणाच्या खाण्यापिण्याने, वागण्याने किंवा ग्रहणात भाजी चिरल्याने होत नाही. तुमच्या पत्नीला ते आईकडून किंवा वडिलांकडून आलं असेल, नाहीतर त्यांच्या जन्माआधीच नव्याने झालं असेल, आणि हे कुठल्याही पुरुषातही तितकंच असू शकतं. रिपोर्ट उलटा असता, म्हणजे ४५ तुमच्या नावापुढे असते, तर हेच बोलणं झालं असतं का ते एकदा विचारून बघा.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय की "केंद्रकी लहान ठेवा, शंभरी गाठा", आणि खाली कसल्यातरी कॅप्सूलची लिंक. यात तथ्य आहे का?
— ज्येष्ठ नागरिक, नाशिक

उत्तर : काका, मेसेजचा पहिला अर्धा भाग हवेतून आलेला नाही. २०१७ मध्ये जर्मनीत कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या लोकांनी दाखवलं की जास्त जगणाऱ्या वाणांच्या जंतांत, फळमाश्यांत आणि उंदरांत केंद्रक्या लहान असतात, आणि काही वयस्कर माणसांनी थोडं कमी खाऊन व्यायाम केला तर त्यांच्या स्नायूंतल्या केंद्रक्याही लहान झाल्या. उलट प्रोजेरिया या लहानपणीच म्हातारपण आणणाऱ्या आजारात त्या फुगलेल्या दिसतात. पण केंद्रकी लहान आहे म्हणून आयुष्य वाढतं, की काटकसरीने चाललेल्या शरीरात दोन्ही आपोआप होतं, हे वेगळं. रस्त्यावर गर्दी कमी दिसली की हवा चांगली असते म्हणून रस्त्याला कुलूप लावण्यासारखं ते होईल. केंद्रकी खरंच दाबणारी औषधं आहेत, वर ॲक्टिनोमायसिनचं नाव आलंय, ती केमोथेरपीत देतात आणि चांगलीच भारी पडतात. लिंकवरच्या कॅप्सूलमध्ये तसलं काही नसणार हीच त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पैसे भरले नसतील तर भरू नका, आणि भरले असतील तर आधी बँकेला फोन करा, केंद्रकीचं नंतर बघू.